पाटीवरची सहाशे अंडी

“आपल्याला तोंड असून उपयोग काय,” दाराबाहेर कुणीतरी पुटपुटलं. “हे तीन जिने चढा, आणि परक्यांपुढे जाऊन बसा.”

दाराला लागून बसलेल्या वहिनींच्या हातातली मटारची शेंग हातातच राहिली. “दातांचा आहे,” त्या हळूच म्हणाल्या. समोर दातांचा दवाखाना होता आणि आठवड्यातून दोघंतिघं तरी गाल धरून चुकीची बेल वाजवत.

“दातांचा असता तर एव्हाना बेल वाजली असती,” टाचणीबाई म्हणाल्या. “दुखणाऱ्याला लाज नसते. हा माणूस पाच मिनिटं नुसता उभा आहे.”

टाचणी हे त्यांचं विमा कंपनीतलं नाव. बावीस वर्षं त्यांनी लोकांचे खरे-खोटे दावे तपासले होते, आणि दोन कागद जुळले की ते तिथल्या तिथे टाचून ठेवायची त्यांना सवय होती. शाखा बंद झाली तेव्हा त्यांनी या एका खोलीत स्वतःचं तपासाचं काम सुरू केलं. भाऊ गेल्यावर वहिनी त्यांच्याकडे राहायला आल्या. मी आपली फोन उचलीन, म्हणाल्या होत्या. तीन वर्षांत त्या फोन सोडून सगळं उचलायला शिकल्या होत्या.

बेल शेवटी वाजली.

आलेले गृहस्थ साठी ओलांडलेले, इस्त्रीच्या शर्टातले, आणि मान खाली घातलेले होते. वजनमापं खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक. दुकानादुकानांतून तराजू तपासत हिंडले, मापात पाप कुणाचं चालू दिलं नाही. राहत्या गल्लीत त्यांना मापारीच म्हणत. एवढं सांगून ते थांबले आणि मांडीवरच्या वहीकडे बघत राहिले. वहीला तपकिरी कव्हर होतं, मागच्या बाजूला जरा फुगलेलं. त्यातून एका कागदाचा कोपरा डोकावत होता आणि कोपऱ्यावर निळ्या पेन्सिलीचं अर्धं वर्तुळ दिसत होतं. मापारींनी त्यावर अंगठा ठेवला.

“माझ्या माशांची अंडी कुणीतरी नाहीशी करतं,” ते म्हणाले.

वहिनींना हसू आलं. ते त्यांनी मटारच्या सालपटात लपवायचा प्रयत्न केला.

“हसा,” मापारी म्हणाले. “मीही हसलो असतो.”

मग त्यांनी हळूहळू सगळं सांगितलं. घरी माशांची टाकी आहे. तिच्यात एंजल माशांची एकच जोडी. तळहाताएवढे चपटे मासे, अंगावर काळे उभे पट्टे. टाकीत त्यांनी शाळेतल्या फुटक्या पाटीचा तुकडा तिरका उभा केला आहे. मासे आधी ती पाटी तोंडाने घासूनपुसून काढतात, मग तिच्यावर अंडी घालतात. नर-मादी दोघंही राखण करतात, पंखांनी वारा घालतात. अडीच-तीन दिवसांत पिल्लं निघतात. चार वर्षं हे असंच चाललं. अडीच महिन्यांपूर्वी हर्नियाच्या ऑपरेशनसाठी ते नऊ दिवस दवाखान्यात होते. तिथून परत आल्यापासून पाच वेळा अंडी आली आणि पाचही वेळा तिसऱ्या दिवशी पाटी धुतल्यासारखी कोरी. एक पिल्लू नाही.

वहीत सगळं होतं. ऑपरेशनच्या आधीच्या ओळी: अंडी दोनशे नव्वद, तीनशे दहा, दोनशे पंच्याऐंशी. पुढे पिल्लांचे आकडे, दोनशेच्या आसपास. नंतरच्या पाच ओळी: पाचशे ऐंशी, सहाशे दहा, पाचशे पंच्याहत्तर, सहाशे पाच, पाचशे नव्वद. पुढे पाच शून्यं.

“अंडी तर दुप्पट झालीयत,” वहिनी म्हणाल्या. “म्हणजे भरभराटच की.”

मापारींनी त्यांच्याकडे पाहिलं. उत्तराच्या अगदी दारापर्यंत येऊन परत फिरलेल्या विद्यार्थ्याकडे मास्तर बघतात, तसं.

टाचणीबाईंनी विचारलं, एवढी मोजता कशी? काचेवर बारीक चौकटी आखल्यात, ते म्हणाले. एक चौकट भिंगातून मोजायची आणि बाकीचा गुणाकार.

“भिंगातून,” टाचणीबाई म्हणाल्या.

“हो. एकतीस वर्षांची सवय.”

“संशय कुणावर आहे?”

“माझा कुणावरच नाही.” ते घाईने म्हणाले. मग आवाज उतरला. “घरात मी, माझी बायको, मुलगा आणि सून. लग्नाला सहा वर्षं झाली, त्यांना मूल नाही. बायको म्हणते, सूनच अंडी पुसते. दुसऱ्याचं भरलेलं तिला बघवत नाही, म्हणते. रविवारी सुनेचा भाऊ येणार आहे. तिला माहेरी धाडायचं ठरलंय. विश्रांतीला.”

“परत कधी येणार?”

“ते ठरलेलं नाही.” मापारींनी वही मिटली. “रविवारच्या आत मला कोण ते कळायला हवं.”

* * *

त्याच दुपारी त्या दोघी मापारींच्या घरी गेल्या. तळमजल्यावरच्या चार खोल्या. पुढच्या खोलीत लोखंडी स्टँडवर टाकी, आणि शेजारच्या फळीवर पितळी वजनं उतरत्या क्रमाने मांडलेली, घासून लख्ख केलेली. त्यांतली जागा एकच रिकामी होती. अर्ध्या किलोचं वजन टाकीच्या काचेच्या झाकणावर ठेवलं होतं.

खिडक्यांना, दाराला बारीक जाळी होती. वहिनींनी तिचं मनापासून कौतुक केलं. आमच्याकडे डास माणसांना उचलून नेतात, म्हणाल्या.

झाकणावर वजन कशाला, हे टाचणीबाईंनी विचारलं तेव्हा मापारींची बायको म्हणाली, मुलाने ठेवलंय, मांजरासाठी. हे दवाखान्यात होते तेव्हापासून आहे.

त्या बोलक्या होत्या. त्यांच्या मते यात तपासण्यासारखं काही नव्हतंच. मागल्या खेपेला पहाटे त्या पाणी प्यायला उठल्या, तर सून बाही वर करून टाकीत हात घालून उभी. सकाळी बोटं निळी. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी पाटी कोरी.

“मी वाईट नाही हो,” त्या म्हणाल्या. “तिच्यासाठी काय कमी केलं? डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या.” त्यांनी कपाटातून एक जाड फाईल आणली आणि दिलेल्या देणगीची पावती दाखवावी तशी उघडून दाखवली. “बघा. सगळं ठीक, सगळं ठीक, सगळं ठीक. दोषच सापडत नाही तिचा.”

प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात दवाखान्याने निळ्या पेन्सिलीने आकडा घालून त्याला गोल केला होता. टाचणीबाईंनी पानं उलटली. पाच. सहा. आठ. त्या परत मागे गेल्या. सहा. आठ.

“एखादं गळलं असेल,” सासूबाई म्हणाल्या आणि फाईल जवळजवळ ओढूनच घेतली. “मुलगाच ठेवतो ती. मला काय कळतंय त्यातलं.”

सून मागच्या व्हरांड्यात कपडे घडी करत होती. शेजारी भिंतीपाशी सहासात कुंड्या. एकीत पाटीची एक उभी चीप खोचलेली होती. तिशीची मुलगी, उजव्या हाताच्या नखांत अजून निळा रंग. टाचणीबाईंनी विचारलं, तेव्हा तिने आढेवेढे घेतले नाहीत. हो, हात घातला होता. बुरशीचं निळं औषध घालत होते.

“अंडी पुसत नव्हतीस?”

“पुसायची गरजच पडत नाही,” ती म्हणाली. “दुसऱ्या दिवसापासून पांढरी पडायला लागतात. पांढरं पडलेलं मासे स्वतःच खाऊन टाकतात. मला वाटलं, औषधाने थांबेल.”

“हे तू पाहिलंस?”

“दर वेळी.”

“मग इतके दिवस बोलली का नाहीस? तुझ्यावरचं बालंट टळलं असतं.”

सुनेने शर्टाची बाही सरळ केली, पुन्हा मोडली, पुन्हा सरळ केली. “पांढरी का पडतात, असं विचारलं असतं ना त्यांनी,” ती म्हणाली.

वहिनींना राहवलं नाही. मूल नसलं की मन कुठेही भरकटतं गं, असं काहीसं त्या बोलून गेल्या. मुलीने नुसती मान हलवली. ऐकून ऐकून गुळगुळीत झालेल्या गोष्टीला हलवतात तशी.

मुलगा संध्याकाळी आला. झेरॉक्सची यंत्रं दुरुस्त करायचं त्याचं काम, बोटांच्या पेरांत काळी पूड बसलेली. त्याला विचारलं होतं एवढंच, की वडील दवाखान्यात असताना टाकी कोण बघत होतं. मीच, तो म्हणाला, आणि एकाही माशाला धक्का लागलेला नाही. हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. मांजर कुठल्या रंगाचं आहे, असं टाचणीबाईंनी विचारलं तेव्हा तो जरा थांबला आणि म्हणाला, करड्या.

मापारी या सगळ्या वेळात टाकीसमोरच्या स्टुलावर बसून होते. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. तपासाला बोलावणारा माणूस सहसा इतका गप्प बसत नाही.

* * *

“मला विचाराल तर तिनेच केलं,” घरी येताना वहिनी म्हणाल्या.

“मघाशी तर ती सांगत होती, मासेच खातात.”

“सांगेल ती. तिच्या जागी मी असते तर मीही पुसली असती.” त्या रस्त्याकडे बघून चालत होत्या. “समोर काचेत रोज सहाशे अंडी, आणि पाठीमागून सासूचं बोलणं. आमच्या वेळी तपासण्या नव्हत्या, वन्सं. नुसतं बोलणंच होतं.”

वहिनींना बोलणारी ती सासू म्हणजे टाचणीबाईंची आई. त्या वेळी टाचणीबाई पंचवीसच्या होत्या, नोकरी होती, तोंड होतं, दुसऱ्यांचे खोटे दावे फोडायला सुरुवात केली होती. आणि घरी जेवताना त्या ताटाकडे बघत जेवायच्या.

शुक्रवारी सकाळी दोघी रंगीत माशांच्या दुकानात गेल्या. दुकान बोळकांडीएवढं, दोन्ही बाजूंना काचा, आणि मध्ये दुकानदार असा बसलेला की तोही विकायला ठेवलाय असं वाटावं. मापारी म्हणताच तो हसला. गेली कित्येक वर्षं त्यांची पिल्लं तोच घेत होता. अलीकडे आली नाहीत खरी.

“त्यांचा मुलगा आला होता का कधी?”

आला होता, तो म्हणाला. अडीचएक महिने झाले. फोनमधला फोटो घेऊन. हुबेहूब असा एंजल हवा, म्हणाला, तिसरा पट्टा मध्ये तुटलेला. तीन दिवस लागोपाठ आला, शेवटी एक मिळाला. असल्या गिऱ्हाइकाला काय म्हणायचं, लग्नाची मुलगी बघायलासुद्धा लोक इतके हेलपाटे घालत नाहीत.

“नर मागितला की मादी?”

“मागून काय उपयोग, ताई? एंजलमधलं आम्हालाही ओळखू येत नाही. अंडी घालायच्या वेळी पोटाखाली बारीकशी नळी उतरते, तेवढीच खूण. नराची बारीक, टोकदार. मादीची जाड, बोथट. एरवी सगळे सारखे.”

दुपारी बाराला मापारींचा फोन आला. मासे पाटी घासतायत, लगेच या.

त्या पोचल्या तेव्हा सुरुवात झाली होती. एक मासा पाटीला पोट लावून सावकाश खालून वर सरकला आणि त्याच्या मागे खसखशीएवढ्या दाण्यांची एक रांग उमटली. तो बाजूला झाला. दुसरा त्याच वाटेने तसाच सरकला. रांग जाड झाली. मग पुन्हा पहिला. वहिनी काचेला नाक लावून बघत होत्या.

“पोटाखाली काही दिसतं का?” टाचणीबाईंनी विचारलं.

“दिसतं ना. तांदळाच्या कणीसारखं बोथट बोंड.”

“आणि दुसऱ्याच्या?”

“त्याच्याही. डावं-उजवं करायला नको. किती गुण्यागोविंदाने चाललंय बघा, अगदी जावा-जावा शोभतायत.”

मापारी स्टुलावर होते, हातात भिंग होतं. त्यांनी ते डोळ्याला लावलं नाही. टाचणीबाई टाकीकडे बघतच नव्हत्या. त्यांची नजर त्या न उचललेल्या भिंगावर होती.

* * *

रविवारी सकाळी नऊला त्यांनी सगळ्यांना टाकीपुढे बसवलं. सुनेचा भाऊ दहाला येणार होता. बॅग दाराशी तयार होती, लहानशीच. सहा वर्षांत माणसाचं इतकंच सामान जमतं हे बघून वहिनींनी नजर फिरवली.

“आधी बघून घ्या,” टाचणीबाई म्हणाल्या. “कुणी पाण्यात हात घालू नका.”

पाटीवरची अंडी आता काचेच्या मण्यांसारखी राहिली नव्हती. बरीचशी आधीच गेली होती, आणि उरलेली थोडी पांढरी, पिठूळ झाली होती. एक मासा पुढे आला, एक पांढरा दाणा अलगद टिपला आणि गिळला. दुसरा आला, त्यानेही टिपला. दोघं आळीपाळीने, काळजीपूर्वक, तांदूळ निवडावेत तसे.

“हे तुमचे गुन्हेगार,” टाचणीबाई म्हणाल्या. “सूनबाईने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तिचं कुणी ऐकलं नसतं, म्हणून तुम्हाला दाखवलं. ती पाण्यात औषध घालत होती. या घरात अंडी वाचवायची धडपड केली असेल तर ती एकटीने.”

सासूबाईंनी पदर सारखा केला. “मग पांढरी का पडतात? आधी पडत नव्हती.”

“तोच प्रश्न,” टाचणीबाई म्हणाल्या. “वहीत त्याचं उत्तर आहे. आधी तीनशेच्या आसपास अंडी यायची. दवाखान्यानंतर सहाशे. आमच्या वहिनींना ती भरभराट वाटली. पण एक मादी एका रात्रीत दुप्पट अंडी द्यायला लागत नाही. दोन माद्या देतात. परवा दोघी एकामागून एक अंडी घालताना आम्ही पाहिल्या. दोघींच्या पोटाखाली बोथट नळी. टोकदार एकाचीही नाही.”

“जावा-जावा,” वहिनी स्वतःशीच म्हणाल्या आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

“दोन माद्या एकत्र ठेवल्या तर त्या जोडी जमवतात. पाटी घासतात, अंडी घालतात, वारा घालतात. सगळं खरंखुरं करतात. अंडी मात्र फोल जातात, कारण नरच नाही.” त्या मुलाकडे वळल्या. “नर होता. तो कुठे गेला?”

मुलगा झाकणावरच्या पितळी वजनाकडे बघत होता.

“जाळ्या लावलेल्या या घरात मांजर शिरत नाही. करडंही नाही. ते वजन मांजराला आत न येऊ देण्यासाठी नाही, माशाला बाहेर न जाऊ देण्यासाठी आहे. पण ते नंतर ठेवलं. आधी एक मासा बाहेर गेला होता.”

मुलाने कबूल केलं, फरशीकडे बघत, तुकड्यातुकड्यांत. पाणी बदलायला झाकण काढलं, फोन आला, झाकण तसंच राहिलं. सकाळी मासा स्टँडच्या मागे पडलेला. बाबा दवाखान्यात, टाके घातलेले. विश्वासाने एक काम सोपवलं होतं. मग दुकानं हिंडून तसाच दुसरा आणला.

“मेलेला तू उचललास?”

“नाही,” तो म्हणाला. “हिने.”

“कुंडीत पुरलाय,” सून हळूच म्हणाली. “वर चीप लावलीय.”

“म्हणजे हिला माहीत होतं,” टाचणीबाई म्हणाल्या, “की मासा कुणाच्या हातून मेला, दुसरा कुणी आणला. आणि आळ स्वतःवर आला तरी ही बोलली नाही. तेव्हाच माझ्या लक्षात आलं, की हिला गप्प राहायचा सराव असणार. एका माशापायी कुणी इतकं गप्प राहत नाही.”

मुलाची मान आणखी खाली गेली. टाचणीबाईंनी त्याला तिथेच सोडलं. त्या स्टुलावर बसलेल्या मापारींसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“तुम्हाला कधीपासून माहीत आहे?”

मापारींच्या बायकोने चमकून नवऱ्याकडे पाहिलं.

“खसखशीएवढं अंडं भिंगातून मोजणारा माणूस,” टाचणीबाई म्हणाल्या, “त्याला ते बोंड दिसलं नाही असं म्हणू नका. पाच वेळा दुप्पट आकडा लिहिलात. दुकानदाराच्या तराजूत दोन ग्रॅम कमी असले तर तुम्ही तो जप्त करायचात.”

“पहिल्याच वेळी कळलं,” मापारी म्हणाले. त्यांचा आवाज कोरडा होता. “पट्टासुद्धा नीट तुटलेला नव्हता. दुसऱ्याच बाजूने तुटला होता.”

“आमच्या दाराबाहेर तुम्ही म्हणत होतात, आपल्याला तोंड असून उपयोग काय. मला ते तेव्हा कळलं नाही. नंतर कळलं. तुम्ही गुन्हेगार शोधायला आलाच नव्हतात. तुम्हाला बोलणारं माणूस हवं होतं.”

मापारींनी वही छातीशी धरली. कव्हराच्या फुगीर बाजूवर त्यांचा अंगठा पुन्हा जाऊन बसला.

“एकतीस वर्षं मी लोकांच्या दुकानांत शिरून, चारचौघांत, हे माप खोटं आहे म्हणून सांगितलं,” ते म्हणाले. “लोक माझ्या पाया पडायचे, मी ऐकायचो नाही. माझ्या घरात खोटं माप चाललंय हे कळल्यावर मी काय केलं, तर मोजत बसलो. दर पंधरा दिवसांनी सहाशे. वाटलं, परक्या कुणी माशांचं बोललं, तर त्या निमित्ताने घरचं बोलणं निघेल. मला लाज वाटते.”

“मी माशांचं बोलले,” टाचणीबाई म्हणाल्या. “माझं काम संपलं. कव्हरात काय आहे ते मी विचारणार नाही. सहा आणि आठच्या मधलं आहे, एवढं मला दिसलं. ते कुठे सापडलं तेही नको.”

“स्टँडच्या खणात,” मापारी तरीही म्हणाले. “माशांच्या खाण्याच्या डब्याखाली. दवाखान्यातून आल्यावर खण आवरला तेव्हा.”

सासूबाई उठल्या. त्या एकदम फार घाईत होत्या. माशांचं कळलं ना, झालं तर मग, म्हणाल्या. आता जुनं काय उकरायचं. मुलगी चार दिवस माहेरी जाऊन आली तर तिलाही बरं वाटेल. त्यांनी बॅगेचा पट्टा हातात घेतला. त्यांनाही ते पान कधीतरी दिसलं होतं, किंवा दिसू नये म्हणून त्यांनी फाईल कधी नीट उघडलीच नव्हती. पट्ट्यावर आवळलेल्या त्यांच्या बोटांवरून एवढंच कळत होतं की दोन्हींत फारसा फरक नाही.

“ठेवा ती खाली,” वहिनी म्हणाल्या.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. वहिनींनी आयुष्यात कुणाच्या घरी आवाज चढवला नव्हता, आत्ताही चढवला नाही. “मी सव्वीस वर्षं हे ऐकत उभी राहिले. तुम्ही दहा मिनिटं बसा.” मग त्या सुनेकडे वळल्या. “परवा मी तुला बोलले. मला तरी कळायला हवं होतं.”

टाचणीबाईंना वहिनींकडे बघवेना. वहिनी आपल्याला काहीही म्हणालेल्या नाहीत, सव्वीस वर्षांत एकदाही नाही, हे त्यांना त्या क्षणी फार जड झालं.

बेल वाजली.

जाळीच्या दाराबाहेर सुनेचा भाऊ उभा असलेला दिसत होता, हातात हेल्मेट, चेहऱ्यावर तयार करून आणलेलं हसू. सून उठली. तिने सासूच्या हातून बॅग घेतली, अगदी हळू, वयस्कर माणसाच्या हातचं ओझं घ्यावं तशी.

“राहू दे,” ती नवऱ्याला म्हणाली. “मी जाते. खरंच राहू दे.”

ती दारापर्यंत गेली. टाकीत एका मासोळीने शेवटचा पांढरा दाणा टिपला आणि पाटी कोरी झाली. दुसरी तरीही तिच्यासमोर थांबून पंख हलवत राहिली, वारा घालत.

मुलगा ते बघत होता. मग तो उठला, वडिलांसमोर जाऊन त्याने हात पुढे केला. मापारींनी अंगठा काढला. मुलाने कव्हरातला घडीचा कागद ओढला, उघडला, वाचला मात्र नाही. त्याला तो पाठ होता.

“आई, ती कुठेही जाणार नाही,” तो म्हणाला. दाराबाहेरच्या माणसालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. “हे सातवं पान माझ्या तपासणीचं आहे. आम्हाला मूल होत नाही, ते माझ्यामुळे.”